घाटासाठी पद्मिनी की अ‍ॅम्बेसेडर?

प्रश्न : कोल्हापूरहून गगनबावडामार्गे कोकणात अधूनमधून जाण्यासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. सुस्थितीतील प्रीमियर पद्मिनी आणि १४८९ सीसी इंजिनाची अ‍ॅम्बेसेडर यांपैकी कोणती निवडावी? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : भरल्या गाडीने घाट चढायचा असेल, तर आमचा कौल अ‍ॅम्बेसेडरला आहे. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे असल्याने चार माणसे आणि सामान घेऊन चढताना वरचेवर खालचा गिअर टाकावा लागतो. अ‍ॅम्बेसेडर वजनाने जड असली, तरी तिचे मोठे इंजिन कमी गतीने फिरत असतानाही नेटाने ओढते. शिवाय तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २४६४ मिलिमीटर, तर पद्मिनीचे २३४० मिलिमीटर, त्यामुळे मागे बसणाऱ्यांना पाय ऐसपैस ठेवता येतात. महाद्वार रोडसारख्या गर्दीत मात्र आटोपशीर, हलकी पद्मिनीच सोयीची, आणि पेट्रोलही ती कमी पिते.

वेगापेक्षा ब्रेक आधी तपासावेत. दोन्ही जुन्या गाड्यांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून थांबवणारे ब्रेक असतात. गगनबावड्याहून कोकणात जाणारा करूळ घाट उतरताना पेडल सतत दाबून ठेवल्यास ड्रम तापून पकड कमी होते, म्हणून उतारावर खालच्या गिअरमध्येच गाडी ठेवावी. खरेदीपूर्वी ड्रम उघडून लायनिंगची (ड्रमला घासणाऱ्या थराची) जाडी आणि चाकाच्या सिलिंडरमधून होणारी ब्रेक ऑइलची गळती स्वतः पाहावी.