लाल शेरा, दाखल्याची भीती आणि शाळेची शिस्त

शाळा आणि पालक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा तालुक्याच्या गावी एका खासगी विनाअनुदानित शाळेत सातवीत शिकतो. आम्ही वाडीवर राहतो आणि तो एसटीने ये-जा करतो. जून महिन्यात शाळेने सर्व पालकांकडून छापील नियमावलीवर सही घेतली. उशिरा येणे, गणवेश अपुरा असणे किंवा गृहपाठ नसणे यांपैकी काहीही झाले तर दैनंदिनीत लाल शेरा मिळेल आणि पाच शेरे झाल्यास दाखला हातात देण्यात येईल, असे तीत लिहिले आहे. मुलाला आतापर्यंत चार शेरे मिळाले असून चारही उशिराचेच आहेत. मागच्या सोमवारी त्याला सलग दोन तासिका वर्गाबाहेर अंगठे धरून उभे केले. तेव्हापासून शाळेची वेळ झाली की त्याचे पोट दुखते. तुम्ही सही केली आहे, तेव्हा आता तक्रार करता येणार नाही, असे मुख्याध्यापक म्हणतात. हे खरे आहे का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : नाही, हे खरे नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचे शिक्षण, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. या कलमात 2019 साली दुरुस्ती झाली, पण ती पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास होणाऱ्या मुलांना त्याच वर्गात ठेवण्यापुरती होती; काढून टाकण्याची मनाई आजही तशीच आहे. तुमचा मुलगा सातवीत आहे. पाच शेरे झाले काय किंवा पन्नास झाले काय, तुम्ही मागितल्याशिवाय शाळेला त्याच्या हातात दाखला ठेवता येणार नाही.

त्याच कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला मनाई करते, आणि या मनाईचा भंग करणाऱ्या शिक्षकावर त्याच्या सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. अंगठे धरायला लावणे ही शारीरिक शिक्षाच आहे. अंगावर हात टाकला नाही म्हणून ती शिक्षा ठरत नाही, हा समज अनेक शाळांत आहे आणि तो चुकीचा आहे. उठाबशा, कोंबडा करणे, बाकावर उभे करणे हे सगळे त्याच जातीचे प्रकार आहेत. पालकांच्या सहीने कायद्याची मनाई उठत नाही. सहीचा अर्थ फार तर इतकाच की नियम तुम्हाला वाचायला मिळाले.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही. तुमची शाळा तशा संस्थेची असेल, तर तक्रारीत या कायद्यावर सारा भार ठेवू नका; मुलाला इजा किंवा त्रास झाल्याची तक्रार मात्र तेव्हाही करता येते.

आता उशिराविषयी. तुमच्या पत्रातील ‘चारही उशिराचेच’ हे शब्द मी दोनदा वाचले, कारण मुख्याध्यापिका असताना मी स्वतः उशिरा येणाऱ्यांची वही ठेवत असे. त्या वहीत नाव, इयत्ता आणि किती मिनिटे उशीर झाला असे तीनच रकाने होते. एका पावसाळ्यात शिपाईमामांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, ‘बाई, ही सगळी एकाच गाडीची पोरं आहेत.’ खरोखरच त्या आठवड्यातील बहुतेक नावे एका बाजूच्या तीन वाड्यांची होती. त्या बाजूची सकाळची पहिली गाडी आमच्या फाट्यावर पोहोचे, तेव्हा परिपाठ अर्धा होऊन गेलेला असे. ज्या मुलांना मी महिनाभर मैदानाच्या कडेला उभे केले होते, ती पहाटे उठून, चिखल तुडवत रस्त्यापर्यंत येऊन, मिळणारी पहिलीच गाडी पकडत होती. त्यानंतर वहीत ‘कारण’ हा चौथा रकाना आला, आगार व्यवस्थापकांना पत्र गेले, आणि गाडीची वेळ बदलेपर्यंत त्या मुलांनी परिपाठ संपताच थेट वर्गात जावे असे ठरले. नियम मोडणाऱ्याला कारण विचारण्याची सोय ज्या नियमात नाही, तो शाळेच्या कामाचा नाही, असे मी तेव्हापासून मानते.

म्हणून तुम्ही मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. त्यात चारही तारखा, त्या दिवशी गाडी किती वाजता पोहोचली, सोमवारी काय घडले आणि मुलाचे पोट कधीपासून दुखते, हे सारे साध्या शब्दांत लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात रागाचे शब्द नसावेत, कारण मूल उद्या त्याच वर्गात बसणार आहे. त्याच गाडीने येणाऱ्या इतर मुलांच्या पालकांनीही सह्या केल्या, तर गोष्ट एका मुलाच्या वागणुकीची उरत नाही. शाळेत पालक-शिक्षक संघ असेलच, त्याच्या सभेत हा विषय मांडा. तरीही काही झाले नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढे महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. पोटदुखीकडे हट्ट म्हणून पाहू नका. डॉक्टरांना दाखवा आणि काय घडले तेही त्यांना सांगा.

प्रश्न : मी सहावीचा वर्गशिक्षक आहे. वर्गात 62 मुले आहेत. छडी गेली, ओरडणेही बंद झाले, आणि पालक मात्र ‘तुम्हीच वळण लावा’ असे म्हणतात. शिस्त कशाच्या बळावर ठेवायची?
— एक शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. सहावी ते आठवीसाठी कायद्याने 35 मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. 62 मुलांचा वर्ग हा त्या प्रमाणाचा भंग आहे, आणि तो तुमच्या माथी मारला गेला आहे. मुख्याध्यापकांमार्फत ही गोष्ट लेखी वर कळवत राहा.

छडीविषयी माझे मत स्पष्ट आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही हातावर पट्टी मारली आहे. त्यामुळे एकाही मुलाचा गृहपाठ सुधारल्याचे मला आठवत नाही. आठवते ते एवढेच की मी बाकांच्या रांगेतून जाऊ लागले, म्हणजे ती मुले हात बाकाखाली घेत.

62 मुलांच्या वर्गात पंधरा नियम टिकत नाहीत, चार टिकतात. ते मुलांशी बोलून ठरवा, त्यांच्याच अक्षरात लिहून भिंतीवर लावा, आणि नियम मोडला तर काय होईल तेही आधीच ठरवा. जो परिणाम ठरवाल, त्याचा चुकीशी संबंध असला पाहिजे : भिंतीवर लिहिले तर भिंत पुसायची, दुसऱ्याची वही फाडली तर ती उतरवून द्यायची. मैदानाला फेऱ्या मारण्याचा आणि फाटलेल्या वहीचा काही संबंध नाही, हे अकरा वर्षांच्या मुलाला कळते. बिघडवणारे म्हणून जे चार-पाच आहेत, त्यांच्याशी मधल्या सुट्टीत एकेकट्याने बोला. सर्वांसमोर बोललात, तर त्यांना उलट उत्तर देण्यावाचून पर्याय राहत नाही. आणि चुकीची शिक्षा सबंध वर्गाला कधीही देऊ नका, कारण ज्या पन्नास मुलांच्या भरवशावर वर्ग चालतो, ती त्याच दिवशी तुमच्यापासून दूर जातात.

प्रश्न : मी नववीत आहे. दप्तरात मोबाईल सापडला म्हणून शाळेने तो घेतला आणि वर्ष संपल्यावर देऊ असे सांगितले. बाईंनी माझ्यासमोर त्यातले फोटोही पाहिले. शाळेला असे करता येते का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : शाळेत मोबाईल आणू नये हा नियम रास्त आहे, आणि तो मोडल्यावर शाळेने मोबाईल काढून घेणेही रास्त आहे, ही चूक तू मान्य करावीस. मात्र घेतलेली वस्तू नोंद करून सुरक्षित ठेवणे आणि पालकांना बोलावून त्यांच्या हाती परत देणे, एवढेच शाळेचे काम आहे. ती वर्षभर अडकवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. फोटो पाहणे तर नियमाच्या अंमलबजावणीत बसतच नाही. आई किंवा बाबांना सोबत घेऊन मुख्याध्यापकांना भेट आणि या दोन्ही गोष्टी शांतपणे सांग. शिकवणीहून घरी परतायला उशीर होतो म्हणून तुला मोबाईल लागत असेल, तर तो सकाळी कार्यालयात जमा करून शाळा सुटल्यावर घेण्याची परवानगी त्याच भेटीत लेखी माग.