लॅबमध्ये मशीन तपासायला लावलेला कंट्रोल (ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा नमुना) २ एसडीच्या (स्टँडर्ड डिव्हिएशन, म्हणजे रीडिंग सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) बाहेर गेला, पुन्हा लावल्यावर आत आला. पेशंटचे रिपोर्ट सोडायचे का?

नुसता आत आला म्हणून सोडू नका. त्या आकड्यामागे कुणाचा तरी इन्सुलिनचा डोस ठरणार असतो.

मशीन ठणठणीत असलं तरी १०० पैकी साधारण ५ रीडिंग २ एसडीच्या बाहेर पडतातच. दोन पातळ्यांचे (वेगवेगळ्या मात्रेचे) कंट्रोल असतील तर एक तरी बाहेर जाण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणून लॅबच्या गुणवत्ता तपासणीसाठी वेस्टगार्डने १९८१ मध्ये मांडलेल्या नियमांत २ एसडी ही फक्त सावध होण्याची खूण आहे. तिथे थांबून कंट्रोलच्या रोजच्या रीडिंगचा चार्ट मागे वाचायचा.

समजा, ग्लुकोज कंट्रोलची सरासरी १००, एसडी ३. आज १०७ आलं. कालही १०८ होतं? मग सलग दोन, एकाच बाजूला: कॅलिब्रेशन (मशीनची मापं जुळवणं), रिएजंटचा (चाचणीच्या रसायनाचा) नवा लॉट, मशीनचा दिवा तपासा. त्याच रनमध्ये (एकत्र लावलेल्या नमुन्यांच्या खेपेत) दुसरी पातळी उणे २ एसडीच्या खाली असेल तर दोघांतलं अंतर ४ एसडीपेक्षा जास्त. हा बहुधा पिपेटिंगचा किंवा बुडबुड्याचा घोळ. एकटंच ११० आलं तरी रन थांबवा, ते ३ एसडीच्या पलीकडे आहे. सलग १० रीडिंग सरासरीच्या एकाच बाजूला असतील, तर सगळी मर्यादेत असूनही मशीन सरकलंय.

आणखी एक, आणि हे फार जणांचं चुकतं: एसडी कंट्रोलच्या माहितीपत्रकातून उचलू नका. ती रेंज बहुतेकदा ऐसपैस असते, चार्ट उगाच सुरेख दिसतो. आपल्याच मशीनवर किमान २० दिवसांची २० रीडिंग घ्या आणि स्वतःची सरासरी, एसडी काढा.