बारा जणांचा गट घेऊन डच खेड्यांतून सायकलने फिरायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातले बारा जण, वयं ३८ ते ६७, एप्रिलच्या उत्तरार्धात आठवडाभर नेदरलँड्सच्या ग्रामीण भागात सायकलने फिरायचं आहे. दोघांनी कॉलेजनंतर सायकल चालवलेली नाही, चौघं शाकाहारी आहेत, रोज किती अंतर धरावं आणि सगळ्यांना एकत्र कसं ठेवावं ते कळत नाही. मी बरीच वर्षं उट्रेख्टजवळ राहते आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना, मित्रमंडळींना घेऊन याच भागात फिरते. शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बाकीचं बरंचसं त्यावर ठरतं.

बारा जणांनी सतत एकत्र चालवायचा आग्रह सोडा. तीन-चार जणांच्या तुकड्या करा. प्रत्येक तुकडीत एकाला नकाशा समजायला हवा आणि एकाला पंक्चर काढता यायला हवं. दिवसातून तीन-चार ठिकाणी सगळ्यांनी भेटायचं. इथले खेड्यातले सायकल ट्रॅक साधारण दोन-तीन मीटर रुंद असतात आणि पुष्कळ ठिकाणी येणारे-जाणारे दोघंही त्यावरूनच जातात. सकाळी आठच्या सुमाराला आणि दुपारी तीननंतर शाळेची मुलं घोळक्याने, चांगल्या वेगात येतात. त्यांचा तो रोजचा रस्ता आहे. बारा जणांची रांग त्यांना ओलांडता येत नाही, सिग्नलला रांग तुटते, आणि पुढचे लोक मागच्यांची वाट बघत नेमके ट्रॅकवरच उभे राहतात. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला कायद्याने परवानगी आहे, तिघांनी नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेग. दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणारा चाळिशीचा माणूस आणि ६७ वर्षांच्या काकू एका वेगाने चालल्या की दोघांचा दिवस वाया जातो. त्याला कंटाळा येतो, आणि काकूंना आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय ही टोचणी दिवसभर लागून राहते. सुट्टीत असं कुणालाही वाटू नये, म्हणून मी तुकड्यांवर एवढा भर देते.

तुकड्या केल्या तरी कोणी हरवत नाही, ते इथल्या क्नोपपुंट पद्धतीमुळे. सायकलचे रस्ते जिथे एकमेकांना मिळतात तिथे प्रत्येक ठिकाणाला एक क्रमांक दिलेला असतो, आणि एका क्रमांकाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या छोट्या पाट्या वाटेत सगळीकडे असतात. ही कल्पना बेल्जियममधल्या लिम्बुर्ख प्रांतातली. ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याला ती खाणीतल्या क्रमांक दिलेल्या वाटांवरून सुचली, १९९५ मध्ये तिथे जाळं सुरू झालं आणि नंतर अख्ख्या नेदरलँड्सभर पसरलं. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचे क्रमांक ओळीने एका चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी हँडलला चिकटवायची. समजा ४७ला भेटायचं ठरलं, तर कोणी तिथे अकराला पोचेल, कोणी पावणेबाराला. मोबाइलची बॅटरी संपली तरी बिघडत नाही, कारण बहुतेक क्रमांकांच्या जागी नकाशाचा फलकही असतो. एकच जपा: हे क्रमांक देशभर पुन्हापुन्हा वापरलेले आहेत. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना तोच आकडा परत भेटू शकतो, तेव्हा क्रमांकाबरोबर जवळच्या गावाचं नावही लिहा. भेटायची जागा शक्यतो कॉफी मिळेल अशी निवडा. सार्वजनिक स्वच्छतागृहं खेड्यांत जवळजवळ नसतातच, आणि गटातल्या बायकांच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोठा आहे.

आता वारा. देश सपाट आहे म्हणून लोक अंतराचा अंदाज चुकीचा बांधतात. इथे चढ नाही, पण वारा आहे, आणि चढ संपतो तसा वारा संपत नाही. बांधावरच्या उघड्या रस्त्यावर समोरून जोराचा वारा असला की दहा किलोमीटरला पाऊण तासाऐवजी सव्वा तास लागतो, गुडघे बोलायला लागतात. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. एप्रिलमध्ये तो उत्तरेकडूनही येऊ शकतो, पण आराखडा करताना नैर्ऋत्य धरून चालायचं. म्हणजे ट्रेनने आधी दक्षिणेला जायचं आणि सायकलने ईशान्येकडे यायचं. रोज ३५ ते ४५ किलोमीटर पुरेत. ज्यांना जास्त हवे ते वाटेतल्या दुसऱ्या क्रमांकांवरून वळसा घेऊन तुम्हाला येऊन मिळतील.

या हिशेबाने मी तुमच्यासाठी दोर्द्रेख्तपासून सुरुवात धरली आहे. पहिला दिवस सायकली ताब्यात घेणं, सीट नीट करणं आणि गावातच सराव. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉटरबसने किंडरडाइक. सायकली बोटीवर नेता येतात. तिथल्या १९ पवनचक्क्या बहुतांश १७३८ आणि १७४०च्या आहेत, आणि १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. त्या पीठ दळायच्या नाहीत. खोलगट शेतजमिनीतलं पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून लेक नदीत सोडायचं हे त्यांचं काम होतं. पर्यटकांची गर्दी दहानंतर वाढते, म्हणून लवकर पोचा. मग लेकच्या बांधावरून पूर्वेला. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला तुमच्या चाकांच्याही खाली असलेली घरांची कौलं आणि शेतं. हा देश पाण्याशी कसा राहतो ते त्या एका तासात समजतं. न्यूपोर्टजवळ तराफ्याने नदी ओलांडून स्खोनहोवन या चांदीच्या कारागिरांच्या गावात जेवा. तिथून व्लिस्ट या लहानशा नदीकाठाने हास्त्रेख्तमार्गे गौडाला या. बुटक्या छाटलेल्या विलोच्या झाडांमधून जाणारा हा रस्ता माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वात सुंदर तुकडा आहे. तिथे घाई करू नका.

हा दिवस रविवारी येऊ देऊ नका. तो भाग कट्टर प्रोटेस्टंट वस्तीचा आहे, रविवारी दुकानं आणि बरेच कॅफे बंद असतात, काही छोटे तराफेही चालत नाहीत.

गौडा ते लायडन तळ्यांच्या काठाने आणि बोस्कोपच्या रोपवाटिकांमधून. लायडनला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी लिस आणि हिलेखोमच्या ट्यूलिपच्या शेतांत फिरा. कॉयकनहोफची बाग पाहायची असेल तर तिकीट आधी काढा, पण सायकलवाल्यांनी बागेपेक्षा शेतांना वेळ द्यावा असं मला वाटतं. बहर साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत. शेतकरी कंदासाठी ट्यूलिप लावतात, त्यामुळे फूल पुरतं उमललं की कंद पोसावा म्हणून फुलांची मुंडकी छाटून टाकतात. मेच्या पहिल्या आठवड्यात आलात तर शेतं नुसती हिरवी दिसण्याची शक्यता बरीच. फोटोसाठी वाफ्यांत शिरू नका, नुकसान खरंच होतं.

पुढे नोर्डविकमार्गे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधून हार्लेम. इथे थोडे चढउतार लागतात. मग हार्लेम ते आम्स्टरडॅम, स्टेशनच्या मागून सुटणाऱ्या फुकट फेरीबोटीने पाण्यापलीकडे, आणि शहर दहा-पंधरा मिनिटांत संपून वॉटरलँडची कुरणं सुरू होतात. मुक्काम एडमला. शेवटच्या दिवशी बेम्स्टर. हे पूर्वी तळं होतं, पवनचक्क्यांनी उपसून १६१२ मध्ये कोरडं केलं आणि पट्टीने आखल्यासारखे रस्ते काढले. समुद्रपातळीच्या साडेतीन मीटर खाली सायकल चालवत असताना आजूबाजूला गाई चरत असतात.

सायकलींबद्दल. भाड्याच्या पुष्कळ डच सायकलींना उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक असतो. आपल्याकडे सिग्नलला उभं राहताना पायडल मागे फिरवून पाय ठेवायची सवय असते. इथे तसं केलं की चाक जागच्या जागी अडकतं. म्हणून दोन्ही हातब्रेक आणि सात-आठ गिअर असलेल्याच सायकली मागा. इथल्या लोकांची सरासरी उंची जास्त, त्यामुळे सायकली आणि सीटही उंच. पाच फुटांच्या आसपासच्या प्रत्येकीची उंची सेंटिमीटरमध्ये आधी कळवा आणि लहान फ्रेम लेखी कबूल करून घ्या. साठीपुढच्यांना इ-बाइक घ्या, त्यात कमीपणा काही नाही, इथले आजी-आजोबा सर्रास चालवतात. फक्त ती जड असते, तेव्हा पायऱ्या आणि उतरणी असलेल्या ठिकाणी दोघांनी मिळून उचला. हेल्मेटची सक्ती नाही, पण ज्या दोघांची सवय सुटली आहे त्यांनी घालावं.

त्या दोघांना आतापासून रोज अर्धा तास चालवायला लावा, आणि मुख्यतः एका हाताने चालवायचा सराव करून घ्या. वळताना हात दाखवावा लागतो आणि तेव्हाच लोक डगमगतात.

रस्त्यावरचा सर्वात मोठा धोका गर्दीत नसतो. गर्दीत सगळे सावध असतात. इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं असतं, पण निवांत खेड्यात फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना भारतातल्या सवयीने हात आपोआप डावीकडे वळतात, समोर गाडी नसते म्हणून लक्षातही येत नाही, आणि पुढच्या वळणावर ट्रॅक्टर येतो. प्रत्येक थांब्यानंतर तुकडीतल्या एकाने मोठ्याने "उजवीकडून" म्हणायचं, हा नियम मी सगळ्यांना लावते. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील तर तुम्ही थांबायचं. कसलीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गाडीत असो की सायकलवर. सायकल चालवताना फोन हातात धरायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. थांबायचं झालं तर ट्रॅक सोडून गवतावर उतरा, पण शेजारी पाण्याचा चर नाही ना ते बघून.

जेवणाचं: दुपारी चीज-ब्रेड, पॅनकेक, सफरचंदाचा केक सगळीकडे मिळतो. सूप घेताना मात्र विचारा, वाटाण्याच्या पारंपरिक सूपमध्ये डुकराचं मांस असतं. कडक शाकाहारी असतील तर चीज बनवताना अनेकदा वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात हेही त्यांना सांगा आणि त्यांना ठरवू द्या. छोट्या गावांत स्वयंपाकघर आठ-साडेआठला बंद होतं. बारा जणांचं टेबल आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही, सोमवारी तर बरीच हॉटेलं बंदच. लायडनहून द हेगला एक चक्कर टाकता आली तर सुरिनामी दुकानात रोटी खा. १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून सुरिनामला नेलेल्या मजुरांचे वंशज पुढे इथे येऊन स्थायिक झाले, त्यांच्या हातची बटाटा आणि चवळीच्या शेंगांची ती भाजी परदेशात चौथ्या दिवशी फार बरं वाटायला लावते.

टूर घ्यावी की स्वतः करावं, यावर माझं मत: हॉटेलं आणि मार्ग तुम्ही ठरवा, पण सायकली पोचवणं-नेणं आणि रोजच्या बॅगा पुढच्या मुक्कामी हलवणं एखाद्या स्थानिक संस्थेकडे द्या. ट्रेनवर अवलंबून राहू नका. एरवी कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी सायकल चढवू देत नाहीत, इतर वेळीही एका गाडीत बारा सायकलींना जागा मिळत नाही. गटातल्या दोघातिघांच्या गुडघ्यांची खरंच शंका असेल तर बोटीवर राहून सायकलने फिरायच्या सहली असतात त्यांचा विचार करा. खोल्या अगदी लहान असतात, वेळापत्रक त्यांचं असतं, पण ज्याला नको वाटेल तो त्या दिवशी बोटीवर बसून पुढच्या गावाला पोचतो.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी आम्स्टरडॅममध्ये सायकल चालवणं अशक्य होतं, म्हणून तो दिवस लायडनच्या आधी, गौडाच्या परिसरात यावा. तारखा नक्की झाल्या की वारांसकट इथे लिहा, रविवार आणि सोमवार कुठे येतात ते बघून मुक्काम पुढेमागे करून देते.