प्लास्टिकच्या पाइपची टिन व्हिसल (शिट्टीसारखी टोकातून फुंकायची सहा भोकांची छोटी बासरी) फुंकली की नुसता फुस्स आवाज येतो. काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की मुलासाठी प्लंबरकडून उरलेल्या पाइपचा तुकडा आणला, सहा भोकं मोजून पाडली, आणि फुंकल्यावर फक्त हवा जाते. भोकांचं आत्ता विसरा. एकही भोक नसलेला पाइपसुद्धा एक स्वच्छ सूर द्यायला हवा. तो मिळत नाही तोवर ड्रिल हातात घेऊ नका. मी ऐरोलीत राहतो, बासरी शिकतो, आणि माझ्या पहिल्या चार व्हिसल याच घाईत वाया गेल्या.

आधी पाइपबद्दल, कारण ही वस्तू मुलाच्या तोंडात जाणार आहे. तोडफोडीतून निघालेला जुना पाइप नको. पीव्हीसी पाइपात पूर्वी शिशाची संयुगं सर्रास वापरली जायची, त्यावर बंधन घालणारे नियम आपल्याकडे २०२१ मध्ये आले. कोणत्याही हार्डवेअरवाल्याकडे पिण्याच्या पाण्याचा अर्धा इंची, क्रीम रंगाचा सीपीव्हीसी पाइप मिळतो. त्याचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी आणि आतली पोकळी साधारण साडेबारा मिमी असते. उंच पट्टीच्या व्हिसलला हे माप छान बसतं. बांबूच्या बासरीला तापल्या सळईने भोकं पाडतात, तसं इथे अजिबात करू नका. हे प्लास्टिक जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. कापताना, घासताना तोंडाला मास्क लावा आणि तोंडाकडचं लाकडी बूच बसवायला सोल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) वापरू नका, ते घट्ट घासूनच बसवा.

आता खरं काम, म्हणजे तोंडाकडचा भाग. जत्रेतला पावा आठवा, रचना तीच. ३२ सेंमी पाइप कापा. सागाच्या काडीचं तीन सेंमीचं गोल बूच करा आणि त्याची एक बाजू पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, साधारण एक मिमी. ही सपाटी आणि पाइपची आतली भिंत यांच्यामधली फट म्हणजे हवेची वाट. बूच जिथे संपतं तिथे पाइपला वरून खिडकी कापा: रुंदी सात मिमी, लांबी चार मिमी. खिडकीची पलीकडची कड बाहेरून उतरती कानसून धारदार करा. बुचाचं आतलं टोक आणि खिडकीची अलीकडची कड एका रेषेत हवी.

फुस्स आवाजाचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. पाइप उजेडाकडे धरून फटीतून डोळ्याने बघा. ती धार फटीच्या उंचीच्या साधारण मध्यावर दिसली पाहिजे, म्हणजे हवेचा झोत तिच्यावर आपटून कधी आत, कधी बाहेर झुलतो. धार फटीच्या छताआड, म्हणजे पाइपच्या आतल्या भिंतीआड, लपली असेल तर सगळी हवा आत जाते, सूर बनत नाही. मग फटीचं छत आतून बारीक कानशीने अर्धा मिमी उचला. माझी पाचवी व्हिसल एवढ्यानेच वाजली, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. खिडकी लहान असतानाच सूर धरा, मग अर्धा-अर्धा मिमी वाढवत आवाज भरदार करा.

सूर लागला की फोनवर ट्यूनर (सूर मोजणारं अ‍ॅप) उघडून पाइप खालून कापत पांढरी दोनपर्यंत (हार्मोनियमची पट्टी, इंग्रजीत D), म्हणजे सुमारे ५८७ हर्ट्झपर्यंत आणा. धारेपासून खालच्या टोकापर्यंत अंदाजे २७ सेंमी उरतील. शेवटी कानसच वापरा, कारण इथे एक मिमीनेही सूर हलतो.

भोकं खालून वर पाडायची. पहिलं टोकापासून साडेचार सेंमीवर, मग साधारण तीन, दीड, अडीच, दोन आणि दोन सेंमी अंतरं सोडून. दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर कमी का, तर ग आणि म यांच्यात अर्धाच सूर असतो. हे आकडे फक्त पेन्सिलीच्या खुणेसाठी. प्रत्येक भोक चार मिमीच पाडा आणि गोल कानशीने मोठं करत सूर चढवा. मोठं केलेलं भोक लहान होत नाही. वरची भोकं पाडली की खालचे सूर किंचित उतरतात, म्हणून खालच्या भोकांत थोडी जागा राखून ठेवा.

जुळवणी एसीत करू नका. हवा एका अंशाने तापली की सूर सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो, म्हणून आधी पाच मिनिटं वाजवा, मगच ट्यूनर बघा.

मुलगा पुढे बासरीकडे वळणार असेल तर वरची तीन भोकं बंद करून जो सूर येतो, पांढरी पाच, त्यालाच सा माना. मग बोटं बासरीसारखीच चालतात, आणि सगळी भोकं उघडली की तीव्र म मिळतो.

तरीही फुस्सच आलं तर खिडकीचा जवळून एक फोटो इथे टाका, धार दिसेल असा.