बर्फातल्या झाडांवर पक्षी काय टिपतात?

प्रश्न : माझी मुलगी स्वीडनमध्ये असते. जानेवारीत तिच्या खिडकीसमोरच्या स्प्रूसच्या झाडावर बर्फ साचलेला असताना अगदी चिमुकले पक्षी दिवसभर काहीतरी टिपत असतात. एवढ्या थंडीत त्यांना किडे कोठून मिळतात?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : थंडीने किडे नाहीसे होतात असे आपल्याला वाटते, पण त्यांतले पुष्कळसे केवळ दृष्टीआड झालेले असतात. कोणी अंड्याच्या रूपात कळीलगत चिकटलेले, कोणी मातीत कोषात, तर कोणी सालीच्या भेगेत निपचित. अनेकांच्या अंगात ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठल्यामुळे ते गोठण्यापासून वाचतात. स्प्रूसच्या दाट, सुईसारख्या पानांत लहान कोळीही हिवाळा काढतात. आपल्या मुलीने पाहिलेला पक्षी बहुधा गोल्डक्रेस्ट असावा. जेमतेम ५-६ ग्रॅम वजनाचा हा जीव तेथील तोकड्या दिवसात फांदीन् फांदी धुंडाळून हे कोळी वेचतो. स्वीडनमध्येच संशोधकांनी काही फांद्यांना जाळी बांधून पक्ष्यांना दूर ठेवले, तेव्हा हिवाळा सरताना उघड्या फांद्यांपेक्षा त्या फांद्यांवर जास्त कोळी शिल्लक राहिलेले आढळले.

वसंतात हे चित्र पालटते. ओक आणि बर्च यांना कोवळी पाने फुटली की अळ्यांचा सुकाळ होतो, पण तो काही आठवडेच टिकतो. रामगंगऱ्याच्या कुळातले तेथील पक्षी आपली पिल्ले नेमकी त्याच सुमारास वाढवू पाहतात. तरीही अगदी लहान पिल्लांना ते आवर्जून कोळी भरवतात, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. कोळ्यांत टॉरिन हे द्रव्य अळ्यांपेक्षा कितीतरी अधिक असते आणि ते मेंदू व डोळे यांच्या वाढीला उपयोगी पडते.

पानांवरच्या आणि उडत्या किड्यांवर जगणाऱ्या बहुतेक पक्ष्यांना मात्र तेथे हिवाळा काढता येत नाही. त्यांपैकी काही आपल्याकडे येतात. सिरपूर तलावाच्या काठी थंडीत एखाद्या झाडाखाली थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे. पानाआडून बारीक ‘चिस्-वी’ ऐकू येते आणि हिरवट पर्ण वटवट्या क्षणभर पंख फडफडवत पानाच्या खालच्या बाजूचा किडा उचलताना दिसतो. फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या जंगलांत घरटी करणारा हा पक्षी उन्हाळ्यात परत निघतो आणि मेअखेर किंवा जूनमध्ये, तेथील झाडे पानांनी भरलेली असताना, आपल्या जंगलात पोहोचतो.