अपनयन की अपहरण?

प्रश्न असा: सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडली, तरी पोलीस ‘कायदेशीर रखवालीतून अपनयन’ नोंदवतात आणि वर्तमानपत्र त्यालाच ‘अपहरण’ म्हणते. दोन्ही एकच का?

बोलण्यात एकच. कायद्यात नाही.

‘अपनयन’मध्ये नेणे आहे. मुंजीतले उपनयन म्हणजे गुरूजवळ नेणे, अपनयन म्हणजे दूर नेणे. कोणापासून दूर, ते ‘रखवाली’ सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकाच्या संमतीविना त्याच्या रखवालीतून नेले किंवा फूस लावून नेले, की गुन्हा झाला. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या दंड संहितेत (कलम ३६१) मुलग्यासाठी ही मर्यादा सोळाच होती. मुलाची स्वतःची संमती इथे मोजलीच जात नाही. म्हणून तर फिर्यादीत ‘फिर्यादीच्या रखवालीतून फूस लावून पळवून नेले’ हे ठरलेले वाक्य येते. कानाला रुक्ष लागते, पण त्यातला एकही शब्द वायफळ नाही.

अपहरणाला (कलम १३८) वयाची अट नाही, पण जबरदस्ती किंवा फसवणूक लागते. गंमत म्हणजे नुसते अपहरण हा स्वतंत्र शिक्षेचा गुन्हाच नाही. त्यामागे खून, खंडणी असा काही हेतू असावा लागतो. (हिंदी कायद्यात ‘व्यपहरण’ आणि ‘अपहरण’ अशी जोडी आहे. मराठीने निदान उपसर्गांची ती कसरत टाळली.)

मग स्वतःहून गेलेल्या मुलीचे काय? १९६४ च्या वरदराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नेणे’ आणि ‘सोबत येऊ देणे’ यांत फरक केला. सज्ञान व्हायला थोडेच दिवस उरलेल्या, शिकलेल्या मुलीने स्वतःच फोन करून त्या तरुणाला बोलावले होते, तो सुटला. मात्र आधी आमिष किंवा गळ घातल्याचे दिसले, तर हा बचाव टिकत नाही.

बापानेच आपले मूल आईकडून नेले तर? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले, की न्यायालयाची मनाई नसेल तर हे अपनयन नव्हे, कारण बापही कायदेशीर पालकच. तिथे भांडण ‘ताब्या’चे, आणि ते कौटुंबिक न्यायालयात.

बातमीदारांनी पहिल्या प्रकाराला सरळ ‘पळवून नेले’ लिहावे. अचूकही आहे आणि मराठीही.