पुण्याच्या लॅबमध्ये ७६० कुठून आणायचे?

प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे, पुण्यात. मॅग्नेशियम रिबनचा ०.०४४५ ग्रॅमचा तुकडा डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकून हायड्रोजन पाण्यावर गोळा केला, ५० मिली भरला, टेंपरेचर २७ अंश. दाब ७६० मिमी धरून एसटीपीला (म्हणजे ० अंश सेल्सिअस आणि ७६० मिमी या ठरावीक स्थितीला) ४५.५ मिली आला, पण त्यावरून मॅग्नेशियमचं अणुवस्तुमान २१.९ येतंय आणि पुस्तकात २४.३ आहे. सूत्र चुकलं का?

उत्तर: सूत्र बरोबर आहे, २७ चे ३०० केल्विन पण केलेस, बरेच जण तिथेच अडकतात. घोळ ७६० मध्ये आहे. तो समुद्रसपाटीचा दाब, आणि पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, तिथे बॅरोमीटर ७१२ च्या आसपासच असणार. मुंबईच्या पोरांना ७६० चालून जातं, तुला नाही. आणि मोबाईलच्या वेदर ॲपमधला आकडा तर अजिबात घेऊ नकोस, तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो म्हणून पुण्यातही हजाराच्या वर मिलिबार दिसतात, लॅबमधला बॅरोमीटरच बघ.

दुसरं म्हणजे नळीत नुसता हायड्रोजन नाहीये, पाण्याची वाफ पण आहे. २७ अंशांना तिचा दाब जवळपास २७ मिमी असतो (आकडा सारखा आला हा निव्वळ योगायोग), तो वजा केला की हायड्रोजनच्या वाट्याला ६८५ उरतात. आता ५० गुणिले ६८५/७६० गुणिले २७३/३००, म्हणजे ४१ मिली. खालचे ७६० तसेच ठेवायचे, तो एसटीपीचा ठरवलेला दाब आहे, गावागणिक बदलत नाही. ४१ ला २२४०० ने (एसटीपीला एक मोल वायू एवढे मिली व्यापतो) भागलं की ०.००१८३ मोल, मॅग्नेशियमचेही तेवढेच मोल, आणि ०.०४४५ ला त्याने भागून बघ, २४.३ येतात! म्हणजे तुझं रीडिंग झकास होतं, प्रयोग परत करायची गरजच नाही. फक्त रीडिंग घेताना नळीतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी एक केली होतीस ना? नाहीतर आतला दाब बाहेरच्याएवढा नसतो.

काही पुस्तकांत २२.४ ऐवजी २२.७ लिटर दिसेल, कारण आययूपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) १९८२ मध्ये एसटीपीचा दाब १ बार केला, म्हणजे ७५० मिमी. ७६० बरोबर २२.४ आणि ७५० बरोबर २२.७, अशी जोडी सांभाळ, मोल तेवढेच येतात.